जपानचं नागरिकत्व आणि गावाकडचे कागद: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जपानी नागरिकत्वाबद्दल रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. बरीचशी पत्रं जपानातल्या मुलांची नसून गावाकडच्या आईवडिलांची आहेत, आणि ते बरोबरच आहे. या प्रकरणातला निम्मा खटाटोप ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत करावा लागतो.

प्रश्न: मुलाला जपानात सहा वर्षं झाली. दोन वर्षं भाषाशाळा, दोन वर्षं व्यावसायिक महाविद्यालय आणि दोन वर्षं ओसाकात नोकरी. पाच वर्षं झाली की अर्ज करता येतो, असं त्याचे मित्र म्हणतात. खरं का? (एक पालक, लांजा)

उत्तर: अर्धं खरं. जपानच्या १९५० च्या राष्ट्रीयत्व कायद्यातल्या पाचव्या कलमात सलग पाच वर्षं वास्तव्य ही किमान अट आहे. वय १८ पूर्ण हवं (एप्रिल २०२२ पर्यंत ते २० होतं), वर्तणूक चांगली हवी, घर चालेल एवढं उत्पन्न हवं आणि आधीचं नागरिकत्व सोडायची तयारी हवी. पण पाच वर्षांपैकी निदान तीन वर्षं कामाच्या व्हिसावर नोकरीत गेलेली असावीत, अशी अपेक्षा जिथे अर्ज करायचा त्या विधी व्यवहार कार्यालयातले अधिकारी धरतात. शिक्षणाची वर्षं वास्तव्यात मोजली जातात, नोकरीत नाही. प्रशिक्षणार्थी म्हणून किंवा ‘विशिष्ट कौशल्य १’ या व्हिसावर केलेलं कामही त्या तीन वर्षांत सहसा धरत नाहीत. तुमच्या चिरंजीवांना निदान अजून एक वर्ष थांबावं लागेल. त्यातच २०२५ च्या अखेरीपासून तिथल्या सरकारने ही अट कडक करायचं मनावर घेतलं आहे, त्यामुळे आज किती वर्षं धरतात हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. पत्नी जपानी असेल तर हिशेब वेगळा: तीन वर्षं वास्तव्य, किंवा लग्नाला तीन वर्षं आणि वास्तव्य एक वर्ष.

‘सलग’ या शब्दावर पुष्कळ अर्ज अडतात. एका दमात तीन महिने देशाबाहेर राहिलं, किंवा वर्षभरात तुकड्या-तुकड्यांनी शंभराच्या वर दिवस बाहेर गेले, तर वास्तव्य तुटलं असं मानून मोजणी पुन्हा पहिल्यापासून होऊ शकते. कारण काय होतं हे फारसं पाहत नाहीत. कंपनीने पाठवलेला दौरा त्यात येतो आणि बाळंतपणही येतं. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते आणि पाच-सहा महिने राहते. तिला पुढे स्वतःचा अर्ज करायचा असेल, तर त्या मुक्कामाने तिची आधीची वर्षं वाया जाऊ शकतात. प्रवास ठरवायच्या आधीच याचा विचार व्हावा.

प्रश्न: मुलीने जपानहून कागदांची यादी पाठवली आहे. तिच्या जन्मदाखल्याशिवाय आमचं लग्नाचं प्रमाणपत्र, तिच्या भावाचा जन्मदाखला आणि तिच्या आईने सही केलेलं निवेदनही मागितलंय. अर्ज मुलीचा, मग आमचे कागद कशाला? आणि आमचं लग्न १९८६ चं, नोंद कोणी केली होती तेव्हा! (देवरुख)

उत्तर: जपानात प्रत्येक कुटुंबाची एक नोंद असते, तिला कोसेकी म्हणतात. नागरिकत्व मिळालं की मुलीची नवी कोसेकी उघडते आणि तिच्यात आईवडिलांची नावं, ती त्यांची कितवी मुलगी, हे सगळं लिहिलं जातं. म्हणून कोण कोणाचं मूल आहे हे सरकारी कागदांनी सिद्ध करावं लागतं. आईच्या निवेदनात लग्न कधी झालं, कोणाशी झालं आणि मुलं किती व कधी झाली एवढंच हवं असतं. वडील हयात नसतील तर त्यांचा मृत्यूदाखलाही लागेल.

जन्मदाखल्यापासून सुरुवात करा. नोंद जन्म झाला त्या ठिकाणी असते, वडिलांच्या गावी नाही. पहिलं मूल आईच्या माहेरी झालं असेल, तर सासरच्या ग्रामपंचायतीची दप्तरं कितीही चाळली तरी काही सापडणार नाही. माहेरच्या गावच्या ग्रामसेवकांकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) विचारा; जन्म शहरातला असेल तर नगरपरिषदेत किंवा महापालिकेत. नोंद सापडली पण नावाचा रकाना रिकामा असेल, तर त्याच कार्यालयात अर्ज करून नाव घालता येतं.

नोंदच नसेल तर आधी ‘नोंद आढळत नाही’ असा अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा आणि मग उशिराच्या नोंदीचा आदेश मिळवायचा. पूर्वी हा आदेश न्यायालयातून यायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. २०२५ पासून महाराष्ट्रात अशा नोंदींची छाननी बरीच कडक झाली आहे. शाळेच्या रजिस्टरचा उतारा, दवाखान्याचा कागद, लसीकरणाचं कार्ड, जे असेल ते सोबत जोडा. निव्वळ नोटरीच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. जपानी अधिकारी सरकारी नोंदीला आधी मान देतात. प्रतिज्ञापत्र उरलेली फट बुजवायला कामी येतं.

आणखी एक जुना रोग आहे, १ जूनचा वाढदिवस. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीची तारीख टाकली, तीच शाळेच्या दाखल्यावर आणि तिथून पासपोर्टवर गेली, आणि ग्रामपंचायतीत मात्र खरी तारीख आहे. हा फरक दडवून चालत नाही, कारण दोन्ही कागद एकाच टेबलावर एकत्र येतात. आधी भारतीय पासपोर्ट दुरुस्त करायचा, मग जपानचं निवासपत्र, आणि त्यानंतर अर्ज. याला सहज वर्षभर जातं, म्हणून सगळ्यात आधी हेच तपासा.

तुमच्या लग्नाची नोंद आजही होते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विलंब शुल्क भरून करता येते. साक्षीदार, फोटो, वयाचे व पत्त्याचे पुरावे लागतात. लग्नपत्रिका जपून ठेवली असेल तर उत्तम. नोंद करताना आईचं माहेरचं नाव नीट लिहून घ्या. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलतात. मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं एक नाव आणि आधारवर दुसरं असेल, तर ती एकच बाई आहे हे दाखवणारा कागद लागतो. विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही नावं आली की प्रश्न मिटतो. नाही आली तर राजपत्रातली नावबदलाची प्रसिद्धी घ्यावी लागते.

इंग्रजी स्पेलिंगवर नजर ठेवा. सावंतमध्ये कुठे ‘व्ही’ तर कुठे ‘डब्ल्यू’ असेल, तर काताकानात (परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत) नाव दोन तऱ्हांनी उतरतं आणि अधिकारी खुलासा मागतात.

प्रत्येक दाखल्याच्या दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवा, कारण दिलेला दाखला परत मिळेलच असं नाही. प्रत्येक कागदाला जपानी भाषांतर जोडायचं, त्याखाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख. मुलीने स्वतः केलं तरी चालतं. मराठीतून थेट जपानीत केलं तरी चालतं, मध्ये इंग्रजी आणायची गरज नाही. ॲपोस्टीलवर (परदेशात कागद मान्य व्हावा म्हणून घ्यायच्या सरकारी शिक्क्यावर) पैसे घालण्याआधी ती अर्ज करणार त्या विधी व्यवहार कार्यालयात विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी मागत नाहीत. भारतातले कागद पूर्ण झाल्यावरच जपानमधले रहिवास आणि करांचे दाखले काढावेत. ते ताजे लागतात; आधी काढले तर पुन्हा काढावे लागतात.

प्रश्न: मुलगा आम्हा दोघांना त्याच्या करात ‘अवलंबून’ दाखवतो. त्यामुळे त्याचा कर कमी होतो म्हणे. अर्जाला याची अडचण येईल का? (कुडाळ)

उत्तर: खरोखर पैसे पाठवत असेल आणि पावत्या असतील तर अडचण नाही. नाही तर मोठी अडचण आहे, आणि भारतीयांच्या अर्जांत ती वारंवार दिसते. २०२३ पासून जपानबाहेरच्या ३० ते ६९ वयाच्या नातेवाइकाला अवलंबून दाखवायचं, तर साधारणपणे त्या एका व्यक्तीला वर्षभरात निदान ३,८०,००० येन पाठवल्याचा पुरावा लागतो. वडिलांच्या खात्यात पाठवलेले पैसे आईच्या नावावर मोजता येत नाहीत. दोघांना वेगवेगळे पाठवावे लागतात. वडील निवृत्तिवेतन घेत असतील तर ते खरंच मुलावर अवलंबून आहेत का, हा प्रश्न पुढे उभा राहतोच.

चूक झाली असेल तर अर्जाआधी दुरुस्तीचं विवरणपत्र भरायचं, कमी पडलेला आयकर द्यायचा, त्यावरून वाढलेला स्थानिक निवासी करही द्यायचा आणि नंतरच नवे दाखले काढायचे. अधिकाऱ्यांनी दाखवून दिल्यावर केलेली दुरुस्ती आणि आधीच आपणहून केलेली दुरुस्ती यांत त्यांच्या लेखी बराच फरक आहे.

तोच काटेकोरपणा पेन्शनला लागू आहे. कंपनी कामगार पेन्शन कापत असेल तर ठीक. छोट्या कंपनीने नाव घातलं नसेल, तर राष्ट्रीय पेन्शन स्वतः भरावी लागते, आणि तिच्या पावत्या पाहतात. पत्नीच्या हप्त्यांचाही हिशेब होतो, अर्ज एकट्या नवऱ्याचा असला तरी. गाडी चालवत असेल तर पाच वर्षांच्या वाहतूक नोंदींचा दाखला लागतो. पार्किंगचा एखादा दंड चालून जातो. दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद असेल तर काही वर्षं अर्जाचं नाव काढू नये.

प्रश्न: फी किती? दलाल करावा का? (अलिबाग)

उत्तर: सरकारी फी शून्य. ग्योसेइशोशी, म्हणजे परवानाधारक कागदपत्र-लेखक, लाखाच्या वर येन घेतात. नोकरदार, एक घर आणि साधं प्रकरण असेल तर गरज नाही. स्वतःचा धंदा, घटस्फोट किंवा बऱ्याच नोकऱ्या बदललेल्या असतील तर पैसे वसूल होतात. तरी विधी व्यवहार कार्यालयात (होमुक्योकु) हजर व्हायचं ते अर्जदारानेच, आणि अर्जाचं कारण सांगणारं पत्र जपानीत स्वतःच्या हाताने लिहायचं तेही त्यानेच. पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या वतीने आईवडील अर्ज करतात, त्यांना हे पत्र लागत नाही.

प्रश्न: मुलाखतीत काय विचारतात? माझं बोलणं बरं आहे पण कांजी लिहिताना हात अडतो. (सुट्टीवर आलेला एक वाचक, गुहागर)

उत्तर: मुलाखत अर्जानंतर काही महिन्यांनी होते. अर्जात लिहिलेलंच विचारतात: नोकऱ्या कधी बदलल्या, पगार किती, बायकोची ओळख कशी झाली, दर वर्षी भारतात किती दिवस जाता. तारखा पाठ हव्यात. भाषेची पातळी साधारण प्राथमिक शाळेच्या तिसरीची मानली जाते; काही ठिकाणी वाचायला-लिहायला लावतात, काही ठिकाणी बोलण्यावरच भागतं. काना (हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरलिप्या) बिनचूक आणि तिसरीपर्यंतचे कांजी (चिनी वळणाची चित्राक्षरं) लिहिता आले की पुरे. घरी किंवा कचेरीत फोन येऊ शकतो, तेव्हा वरिष्ठांना आधी कल्पना दिलेली बरी. अर्ज ते निकाल यांत आठ-दहा महिने ते दीड वर्ष जातं. मधल्या काळात नोकरी, घर, लग्न, मूल, काहीही बदललं तर लगेच कळवायचं.

प्रश्न: अर्ज टाकलाय. गौरी-गणपतीला गावी येऊ का? (चिपळूणचे, सध्या चिबा)

उत्तर: या, पण दोन-तीन आठवड्यांसाठी, आणि अधिकाऱ्यांना तारखा कळवून. परवानगीची सूचना ‘काम्पो’ या सरकारी राजपत्रात प्रसिद्ध झाली की त्याच दिवसापासून तुम्ही जपानी. त्या दिवशी भारतीय नागरिकत्व भारताच्या १९५५ च्या कायद्याच्या नवव्या कलमाने आपोआप संपतं. खिशातला भारतीय पासपोर्ट तेव्हापासून वापरायचा नाही, आणि जपानी पासपोर्ट तर अजून निघालेला नाही. या दोन पासपोर्टांच्या मधल्या काळात तुम्ही गणपतीसमोर बसलेले असाल तर परतीचा घोळ होतो. मुलाखत होऊन बरेच महिने गेले असतील, तर तिकीट काढण्याआधी होमुक्योकुला फोन कराच.

प्रश्न: मी व नवरा दोघंही अर्ज करतोय. लग्नानंतर मी माहेरचं आडनाव ठेवलंय. जपानी नाव घ्यावंच लागतं का? (दापोली, सध्या योकोहामा)

उत्तर: ताई, जपानी वळणाचं नाव घ्यायची सक्ती नाही. हिरागाना, काताकाना किंवा नावांसाठी मान्य असलेले कांजी, यांतल्या कशातही नाव लिहा. रोमन किंवा देवनागरी लिपी मात्र चालत नाही. आडनाव आणि नाव असे दोनच रकाने असतात. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एक तर गाळायचं, नाही तर पहिल्या नावाला जोडून लिहायचं. गाळलेलं बरं, जोडलेलं लांबलचक नाव बँकेच्या फॉर्ममध्ये मावत नाही आणि जन्मभर त्रास देतं.

तुमची खरी अडचण आडनावाची आहे. दोघं जपानी झालात की एका कोसेकीत याल आणि तिथे नवरा-बायकोचं आडनाव एकच लागतं. तुमचं ठेवा, त्यांचं ठेवा किंवा तिसरंच घ्या, पण ते अर्जातच लिहावं लागतं. तुमच्यापैकी एकानेच नागरिकत्व घेतलं आणि दुसरा भारतीय राहिला तर ही सक्ती नाही. एकदा नोंद झाली की बदलायला कौटुंबिक न्यायालयात जावं लागतं.

पासपोर्टच्या वेळी आणखी एक सांभाळा. जपानी पासपोर्टावरचं रोमन स्पेलिंग काताकानावरून ठरतं, आणि काताकानात ‘त’ सारख्या व्यंजनाने नाव संपवता येत नाही. सावंतचं ‘सावांतो’ होतं आणि रोमन स्पेलिंगला शेवटी ‘ओ’ चिकटतो. मग पॅन, बँक, सातबारा यांच्याशी काहीच जुळत नाही. पहिला जपानी पासपोर्ट काढतानाच वेगळ्या स्पेलिंगचा अर्ज जुन्या पासपोर्टच्या पुराव्यासह द्या, म्हणजे मूळ स्पेलिंग राहतं. नंतर बदलणं अवघड.

प्रश्न: माझो झील नागोयाक आसा. तो म्हणता, मी आता हयलोच नागरिक होतलंय. मगे आमच्या कलमांचा काय? सातबारार तेचा नाव घालूचा तर आत्ताच घालू काय? (देवगड)

उत्तर: काका, घाई करून बक्षीसपत्र करू नका. परकीय चलन कायद्याखालचे नियम असे आहेत की परदेशस्थ भारतीय असो की ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड), त्याला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाउस विकतही घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. म्हणजे मुलगा आज भारतीय पासपोर्टवर नागोयात असतानाही कलमांच्या बागेचं बक्षीसपत्र नियमात बसत नाही. वारसाने मात्र ती मिळू शकते, ओसीआय झाल्यावरही. तेव्हा मार्ग मृत्युपत्राचा. नोंदणी केलेलं मृत्युपत्र करा, मुलाचं नाव त्याच्या पासपोर्टवरच्या स्पेलिंगसह लिहा आणि पुढे नाव बदलणार असेल तर जुनं-नवं दोन्ही येईल असं पाहा. आजोबांकडून वारसाने त्याचं नाव सातबारावर आधीच लागलेलं असेल, तर ते तसंच राहील. गावठाणातलं घर किंवा बिगरशेती भूखंड यांना ही बंदी नाही.

पुढे त्याला बाग विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल, आणि महाराष्ट्राच्या कूळकायद्यामुळे तो घेणारा शेतकरी हवा. पैसे एनआरओ खात्यात (परदेशस्थांच्या भारतातल्या रुपया खात्यात) जमा होतात, तिथून कर भरून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. वारस नोंदीसाठी तो स्वतः येऊ शकला नाही, तर मुखत्यारपत्र जपानात नोटरी व ॲपोस्टील करून पाठवावं आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा. इथे बरेच जण चुकतात.

जपानकडचा हिशेब कोणी सांगत नाही, तो असा. भारतात शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण जपानी नागरिक म्हणून तिथे राहणाऱ्याला जगभरचं उत्पन्न तिथे दाखवावं लागतं. हापूसच्या पेट्यांचा त्याच्या वाट्याचा पैसाही त्यात आला. तुमच्या पश्चात बाग त्याला मिळाली की जपानचा वारसा करही लागू होतो. त्यात ३ कोटी येन, अधिक दर वारसामागे ६० लाख येन, एवढी सूट आहे आणि विवरण दहा महिन्यांत भरायचं असतं. लहान बाग या सवलतीत बसेल. रस्त्याला लागून मोठी जमीन असेल तर नाही.

प्रश्न: मग कायमचं वास्तव्य घेऊन भारतीयच राहिलेलं बरं नाही का? (राजापूर)

उत्तर: गावाकडे परतायचा विचार मनात असेल, तर आमच्या मते हो. कायम वास्तव्याला साधारण दहा वर्षं लागतात. उच्च कौशल्याच्या गुणपद्धतीत ७० गुण असतील तर तीन आणि ८० असतील तर एक वर्ष. पण परत येण्याच्या परवान्याची मुदत परदेशात असताना संपली की ते जातं, आणि मुद्दाम कर बुडवणाऱ्यांचं ते काढून घ्यायची तरतूद २०२४ च्या दुरुस्तीत आली आहे. मतदान आणि निवडणूक लढवणं नागरिकांनाच जमतं: पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले ते जपानी नागरिक म्हणूनच.

प्रश्न: परवानगी मिळाली! आता काय काय, कुठल्या क्रमाने? (सावंतवाडीचे, सध्या फुकुओका)

उत्तर: अभिनंदन. होमुक्योकुकडून ओळखीचा दाखला घ्या आणि एक महिन्याच्या आत नगर कार्यालयात नागरिकत्वाची नोंद करा. निवासपत्र १४ दिवसांत परत करायचं असतं. कोसेकी तयार झाली की तिच्या उताऱ्यावर जपानी पासपोर्ट काढा. मग भारतीय पासपोर्ट तुमच्या भागाच्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जमा करून समर्पणाचं प्रमाणपत्र घ्या. कोसेकीच्या उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा. जुना पासपोर्ट ठेवून घेणं किंवा त्यावर प्रवास करणं यांना दंड आहे. समर्पणाचं प्रमाणपत्र हातात आल्यावरच ओसीआयचा अर्ज पुढे सरकतो. ओसीआय हे नागरिकत्व नसल्यामुळे जपानची त्याला हरकत नसते. ते येईपर्यंत घाईने गावी जावं लागलं, तर जपानी पासपोर्टवर भारताचा ई-व्हिसा मिळतो.

भारतात बँक, डीमॅट आणि पॅन यांना नागरिकत्व बदलल्याचं कळवा. मतदार यादीतलं नाव नमुना ७ भरून काढून घ्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावकऱ्यांनी कितीही आग्रह केला, तरी त्या यादीवर आता मत देता येणार नाही.